तेलावर वीज बनवताना किती कार्बन डायऑक्साइड निघतो? तो मोजतात कसा?

एक टन फर्नेस ऑइल जाळलं की सुमारे ३.१ टन कार्बन डायऑक्साइड तयार होतो. तेलापेक्षा वायू जड कसा? या तेलात वजनाने साधारण ८५ टक्के कार्बन असतो. जळताना १२ ग्रॅम कार्बन हवेतला ३२ ग्रॅम ऑक्सिजन घेतो आणि ४४ ग्रॅम वायू बनतो.

म्हणूनच उत्सर्जन काढायला धूर मोजावाच लागतो असं नाही. किती तेल जळलं ते कळलं, की हिशेब करता येतो. आयपीसीसीच्या २००६ च्या मार्गदर्शक तत्त्वांत फर्नेस ऑइलच्या दर गिगाज्यूल उष्णतेमागे ७७.४ किलो कार्बन डायऑक्साइड धरला आहे. काही वीजकेंद्रं चिमणीत यंत्र बसवून थेट मोजणीही करतात.

एका युनिट विजेमागचा आकडा मात्र केंद्राच्या कार्यक्षमतेवर ठरतो. ती ३८ टक्के असेल तर सुमारे ७३० ग्रॅम, ३० टक्के असेल तर सुमारे ९३० ग्रॅम.

चिमणीतून काळा धूर दिसत नाही, म्हणजे उत्सर्जन नाही असं समजू नका. फिल्टर काजळी अडवतो, कार्बन डायऑक्साइड नाही. हा वायू डोळ्यांना दिसतच नाही. खरा आकडा कळतो तो जळालेल्या तेलाच्या नोंदीतून.