ओठ भरायची सुई : काय टोचतात, किती दिवस टिकतं आणि धोका कुठं आहे?

लग्नसराई जवळ आली की मोबाईलवर ओठ भरून देण्याच्या जाहिराती सुरू होतात. 'अर्ध्या तासात काम' असं त्यात लिहिलेलं असतं. खरं तर पातळ ओठ हा काही आजार नाही. ते घराण्यातच असतात, वयानंही पातळ होतात. तरी कुणाला करायचंच असेल तर आधी माहिती घेतलेली बरी.

सध्या जास्त चालतं ते फिलर. हायल्युरॉनिक अ‍ॅसिडचा जेल बारीक सुईनं ओठात भरतात. हा पदार्थ आपल्या शरीरातही असतो, तो पाणी धरून ठेवतो. बहुतेक वेळा १ मिलिलिटर किंवा त्याहून कमी जेल पुरतो. नंतर काही दिवस ओठ सुजतात, काळेनिळे पडतात. त्यामुळं हळदीच्या आदल्या दिवशी सुई घेण्यात अर्थ नाही. साधारण सहा महिने ते वर्षभरात जेल विरघळतो आणि पुन्हा खर्च येतो. अमेरिकेत असा जेल ओठांसाठी २०११ साली मंजूर झाला, तोही २१ वर्षांवरच्यांसाठीच.

मोठा धोका म्हणजे जेल रक्तवाहिनीत जाणं. असं क्वचित होतं, पण झालं तर कातडी पांढरी पडते, जाळीसारखे निळसर डाग उठतात, दुखणं वाढत जातं. ही साधी सूज समजून घरी बर्फ लावत बसू नये, लगेच डॉक्टर गाठावा. हायल्युरॉनिडेज नावाच्या इंजेक्शननं जेल विरघळवता येतो. उशीर झाला तर तिथली कातडी मरते. हे इंजेक्शन जिथं ठेवलेलं नाही तिथं ओठ भरून घेऊच नयेत. पार्लरमध्ये ते कुठून असणार?

सुईशिवाय दाबानं जेल मारणारं 'पेन' ऑनलाइन स्वस्तात मिळतं. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं २०२१ मध्येच त्याविरुद्ध इशारा दिला आहे. पातळ सिलिकॉन टोचून घेणं त्याहून वाईट, ते विरघळवता येत नाही.

शस्त्रक्रियेत पोट-मांडीची चरबी काढून ओठात भरतात, पण त्यातली काही शरीर शोषून घेतं. दुसऱ्या पद्धतीत नाकाखालची कातडीची पट्टी कापून वरचा ओठ उचलतात. तो बदल कायमचा, आणि व्रणही कायमचा.

डॉक्टर त्वचारोगतज्ज्ञ किंवा प्लास्टिक सर्जन असावा. त्याचा नोंदणी क्रमांक विचारायला लाजू नये. जेलचं सीलबंद खोकं समोर फोडायला लावावं, त्यावरचं लेबल जपून ठेवावं. गरोदर किंवा अंगावर पाजणाऱ्या बाईनं हे टाळावं. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील किंवा ओठावर वरचेवर तापाच्या पुळ्या येत असतील, तर ते डॉक्टरांना आधीच सांगावं.