एका संगणकाचे दोन पहारेकरी

शाळेच्या संगणक-कक्षात एखादा चुणचुणीत विद्यार्थी हमखास विचारतो : “सर, एकाऐवजी दोन विषाणूरोधक बसवले, तर संगणक दुप्पट सुरक्षित होणार नाही का?” प्रश्न रास्त आहे. दाराला एका कुलपापेक्षा दोन कुलपे बरी. अवघड दुखण्यात दुसऱ्या डॉक्टरचे मत घ्यावे, असे आपणही सांगतोच. पण दोन विषाणूरोधक एकत्र नांदवू पाहिले, की संगणक मंदावतो, कधी जागच्या जागी थिजतो आणि कधी दोघे एकमेकांवरच आळ घेतात. असे का व्हावे? याचे उत्तर विषाणूरोधकांच्या इतिहासात सापडते.

१९७१ साली अमेरिकेतील बीबीएन या कंपनीत बॉब थॉमस यांनी ‘क्रीपर’ नावाची एक प्रायोगिक आज्ञावली लिहिली. आजच्या इंटरनेटचे पूर्वज असलेल्या अर्पानेटवरून ती एका संगणकावरून दुसऱ्यावर जाई आणि ‘पकडता आले तर पकडा’ अशा अर्थाचा संदेश दाखवी. तिला हुडकून पुसून टाकण्यासाठी रे टॉमलिन्सन यांनी ‘रीपर’ लिहिली. (ई-मेलच्या पत्त्यात ‘ॲट’ हे चिन्ह आणणारे टॉमलिन्सन ते हेच.) रीपरही क्रीपरप्रमाणेच जाळ्यातून फिरत असे. म्हणजे चोर आणि पहारेकरी यांची चाल अगदी पहिल्या दिवसापासून सारखीच होती.

‘संगणक-विषाणू’ ही संज्ञा रूढ झाली ती फ्रेड कोहेन यांच्या कामामुळे. नोव्हेंबर १९८३ मध्ये सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठात त्यांनी असा विषाणू प्रत्यक्ष चालवून दाखवला. नाव सुचवले त्यांचे मार्गदर्शक लिओनार्ड एडलमन यांनी. पुढे कोहेन यांनी असेही सिद्ध केले, की कोणत्याही आज्ञावलीकडे पाहून ती विषाणू आहे की नाही हे कधीही न चुकता सांगणारा परीक्षक असूच शकत नाही. त्यांचा युक्तिवाद वर्गात मांडण्याजोगा आहे. समजा, ‘प’ हा असा परिपूर्ण परीक्षक आहे. आता ‘व’ ही आज्ञावली अशी लिहा, की ती आधी स्वतःबद्दल ‘प’चे मत घेईल. ‘प’ने ‘विषाणू आहे’ म्हटले, तर ‘व’ गप्प बसेल. ‘नाही’ म्हटले, तर पसरू लागेल. ‘प’ काहीही म्हणो, तो चुकणारच!

परीक्षक कधी ना कधी चुकणारच असेल, तर दुसऱ्याचे मत घ्यावेसे वाटण्यात काहीच गैर नाही. अडचण येते ती जागेची.

१९८६ मध्ये लाहोरच्या बासित आणि अमजद फारूक अल्वी या भावांचा ‘ब्रेन’ हा विषाणू पीसींवर पसरला. ३६० किलोबाइटच्या फ्लॉपीच्या बूट सेक्टरमध्ये तो मुक्काम करी आणि मूळ बूट सेक्टर दुसरीकडे हलवून ठेवी. त्या फ्लॉपीवरून संगणक सुरू झाला, की तो स्मृतीत शिरे. मग कोणी बूट सेक्टर तपासायला गेले, तर मधल्या मधे विनंती अडवून तो जपून ठेवलेला मूळ, निर्दोष सेक्टर पुढे करी!

ही अडवणूक कशी साधे? डॉसच्या काळात पीसीच्या स्मृतीच्या तळाशी, पहिल्या १,०२४ बाइटमध्ये, २५६ पत्त्यांची एक यादी असे. फ्लॉपी वाचणे, फाइल उघडणे अशा कामांसाठी कोणाकडे जायचे, ते तीत लिहिलेले. ज्याला मधे उभे राहायचे, त्याने जुना पत्ता टिपून ठेवायचा आणि त्या जागी स्वतःचा लिहायचा. साहेबांच्या केबिनबाहेर शिपाई स्टूल टाकून बसतो आणि ‘आधी मला भेटा’ म्हणतो, तसेच हे.

त्यानंतरच्या काही वर्षांत विषाणूरोधकांचा धंदा उभा राहिला. १९९० च्या दशकाच्या मध्यात पुण्यातील कैलाश आणि संजय काटकर या भावांचे ‘क्विक हील’ही त्यात उतरले. विषाणूरोधक दोन प्रकारचे असत. काही बोलावल्यावर येत, डिस्क तपासत आणि निघून जात. काही मात्र स्मृतीत ठाण मांडून प्रत्येक फाइल उघडताना तपासत. या दुसऱ्या प्रकाराला विषाणूचीच जागा आणि विषाणूचीच युक्ती वापरावी लागे.

आता एकाच दाराशी दोन शिपाई बसले तर? पहिल्याने यादीतला पत्ता बदललेला दुसऱ्याला दिसे आणि तो ‘विषाणू’ म्हणून ओरडे. दुसरा आल्यावर पहिल्याने जाताना जुना पत्ता पूर्ववत लिहिला, की दुसरा नकळत साखळीबाहेर फेकला जाई. त्याचा पहारा संपलेला असे आणि वापरणारा मात्र निर्धास्त! तिसरी गंमत अशी : विषाणू ओळखण्यासाठी प्रत्येक विषाणूरोधक त्यांच्या संकेतांचे तुकडे जवळ बाळगतो. ते गुप्तलिपीत न ठेवता तसेच स्मृतीत राहिले, की दुसऱ्याला तिथे ‘विषाणू’ सापडे. पोलिसाच्या खिशात चोराचा फोटो मिळाला, म्हणून पोलिसालाच पकडावे, तसा हा प्रकार.

मार्च १९९३ मध्ये एमएस-डॉस ६ सोबत विषाणूरोधक देण्यात आला आणि वेगळा विकत घेणाऱ्याकडे आपोआप दोन झाले. पुढे विंडोजमध्ये ही जागा ‘फिल्टर ड्रायव्हर’नी घेतली. विंडोज एक्सपीच्या २००४ मधील दुसऱ्या सर्व्हिस पॅकपासून त्यांना शिस्त आली. प्रत्येक फिल्टरला ‘उंची’ म्हणून एक क्रमांक मिळू लागला. विषाणूरोधकांसाठी ३,२०,००० ते ३,२९,९९९ हा पट्टा राखलेला आहे. रांग ठरली, तरी काम दुप्पटच राहिले. एकाने तपासायला उघडलेली फाइल दुसराही तपासू लागतो आणि संशयित फाइल दोघेही एकाच वेळी ओढू पाहतात. म्हणून २०१२ च्या विंडोज ८ पासून अंगभूत ‘डिफेंडर’ दुसरा विषाणूरोधक नोंदला गेल्यावर स्वतःच बाजूला होतो. २०१६ पासून विंडोज १० मध्ये बाजूला बसलेल्या डिफेंडरकडून अधूनमधून तपासणी करून घेण्याची सोयही आली.

दुसऱ्या मताचा आणखी एक मार्ग २००४ मध्ये स्पेनमध्ये निघाला. ‘व्हायरसटोटल’ या सेवेकडे संशयित फाइल पाठवली, की अनेक विषाणूरोधक ती तपासतात, आणि तेही आपल्या संगणकाबाहेर! मात्र प्रश्नपत्रिका किंवा विद्यार्थ्यांची माहिती असलेल्या फाइली तिथे पाठवू नयेत, कारण त्या इतरांच्या हाती पडू शकतात.

पहारेकऱ्याला इतक्या आतली जागा देणे किती जोखमीचे आहे, हे १९ जुलै २०२४ रोजी जगाने पाहिले. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अद्ययावतीकरणाने, मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार, सुमारे ८५ लाख विंडोज संगणक बंद पाडले. तिथे विषाणू नव्हताच. चूक राखणदाराची होती.

विद्यार्थ्याच्या प्रश्नाला गणितानेही उत्तर देता येते. समजा, दोन परीक्षक प्रत्येकी शंभरातले १० विषाणू चुकवतात. त्यांच्या चुका एकमेकांपासून स्वतंत्र असतील, तर दोघांच्याही हातून निसटणारा शंभरात १ उरेल. पण दोघे तेच नमुने पाहून शिकले असतील, तर दोघे बहुधा एकाच ठिकाणी चुकतील. खोटे आळ मात्र दोघांचे मिळून वाढतील.

तेव्हा शाळेपुरता नियम सोपा आहे. कायम पहारा एकाचाच असावा. दुसरा, बोलावल्यावरच येणारा, आठवड्यातून एकदा चालवावा. पहिल्याने संशयितांना डांबून ठेवलेला फोल्डर त्याच्या तपासणीतून वगळावा. पहारेकरी बदलायचा, तर जुन्याला पूर्णपणे काढूनच नवा बसवावा. आणि तो जागा आहे ना, हे पाहण्यासाठी ‘आयकार’ या संस्थेची ६८ अक्षरांची निरुपद्रवी चाचणी-फाइल वापरावी. विद्यार्थ्यांसमोरच हा प्रयोग करावा. एका म्यानात दोन तलवारी का राहत नाहीत, हे मग वेगळे सांगावे लागणार नाही.