जात्यावरची सीता

आम्ही कासार आंबोलीच्या बाया बोलतोय. पुण्याहून पौडला जाताना पिरंगुट मागे पडलं की आमचं गाव येतं. मागच्या महिन्यात गटाची बैठक होती. हप्ते गोळा झाले, वही लिहून झाली आणि मग नेहमीसारखा विषय घरातल्या पोरांवर आला. आमच्यातली एकजण म्हणाली, "माझी धाकटी पाचवीत आहे. परवा टीव्हीवर रामायण बघताना विचारते, राम एवढा चांगला, मग त्यानं पोटुशी सीतेला रानात का सोडलं? मी म्हटलं, देवाबद्दल असं विचारू नये. ती गप्प बसली. पण तेव्हापासून मलाच चैन पडत नाही."

झालं, बैठक तासभर लांबली. एक म्हणाली, बरोबर केलंस, आत्तापासून देवाला प्रश्न विचारायला लागली तर उद्या आईबापाचं काय ऐकणार? दुसरी म्हणाली, प्रश्न विचारला म्हणून मूल वाया जात नाही, गप्प केलं म्हणून जातं. तिसरी देवच मानत नाही. तिचं म्हणणं, मुलांना खरं बोला, चोरी करू नका एवढं सांगावं, त्याला देव कशाला मध्ये घालायचा? वाद चांगलाच पेटला. कोपऱ्यात एकीच्या सासूबाई बसल्या होत्या. ऐंशीच्या पुढच्या. त्या मध्येच म्हणाल्या, "त्यात काय एवढं? आमी तर रोज जात्यावर इचारायचो रामाला."

आम्ही सगळ्याच थांबलो. मग त्यांना बोलतं केलं, थोडं वाचलं, कुणाकुणाला विचारलं. त्यातून जे हाती आलं ते आज तुम्हाला सांगतोय.

जातं आता बहुतेकींच्या घरी माळ्यावर नाहीतर अंगणात पडलेलं असतं. लग्नात हळद दळायची वेळ आली की ते बाहेर काढायचं, धुवायचं, पुजायचं, आणि पुन्हा होतं तिथे ठेवायचं. पण गिरणी यायच्या आधी घरातलं सगळं पीठ त्यातूनच निघत होतं. तांदळाचं, नाचणीचं, वरईचं. पहाटे कोंबडा आरवायच्या आधी उठायचं, खुंटा धरायचा, एका हातानं वैरण घालायची, दुसऱ्या हातानं ओढायचं. दोघी असल्या तर समोरासमोर बसायचं. घरातले पुरुष निजलेले, सासरा निजलेला. बाईला मोकळेपणी तोंड उघडायला दिवसभरात तेवढीच वेळ मिळे. आणि मांडीवर किंवा शेजारी गोधडीत मूल असायचंच. ते अर्धवट झोपेत ऐकायचं. सासूबाई म्हणतात, त्यांना अर्ध्याहून जास्त ओव्या कुणी शिकवल्याच नाहीत, आईच्या मांडीवर झोपताझोपता आल्या.

या ओव्या टिपून ठेवायचं मोठं काम आपल्याच मुळशी तालुक्यात सुरू झालं, हे आमच्यातल्या कितीजणींना ठाऊक होतं? एकीलाही नाही. पुण्याच्या हेमा राईरकर आणि फ्रान्सहून येऊन इथेच राहिलेले गी पॉइतवँ हे दोघं डोंगरातल्या गरीब माणसांबरोबर काम करत होते. त्या कामातून 'गरीब डोंगरी संघटना' उभी राहिली. बायकांशी बोलताबोलता त्यांच्या लक्षात आलं की बाई सभेत बोलत नाही ते ओवीत बोलते. मग कोळावडे, नांदगाव अशा गावांतून ओव्या लिहून घ्यायला सुरुवात झाली. लिहून घेण्यात गावातल्या बायाही होत्या. पुढे हे काम महाराष्ट्रभर पसरलं. आज त्या संग्रहात हजारावर गावांतल्या एक लाखाहून जास्त ओव्या आहेत. त्यातल्या पुष्कळ गायलेल्याही आहेत, आणि 'पारी' या ग्रामीण भारताच्या संकेतस्थळावर २०१७ पासून त्या ऐकायला मिळतात. ज्यांच्या हातात मोबाइल आहे त्यांनी जरूर ऐकाव्यात. आमच्या सासूबाईंना ऐकवल्या तर त्या पुढची ओळ आधीच म्हणायला लागल्या.

या संग्रहात राम आहे, विठ्ठल-रखुमाई आहे, पंढरीची वाट आहे. पण सीता केवढी! आणि ती पोथीतल्यासारखी नाही. कथेकरी बुवांकडून आपण ऐकलेलं असतं की परीट काहीतरी बोलला म्हणून रामानं सीतेला सोडलं. बायकांच्या गाण्यात वेगळीच गोष्ट येते. कैकेयी सीतेला म्हणते, तो रावण दिसायला कसा होता, चित्र काढून दाखव. सीतेनं तर मान वर करून रावणाकडे पाहिलेलंच नाही. तिला दिसला तो त्याच्या पायाचा अंगठा. ती तेवढाच काढते. बाकीचं चित्र कैकेयी पुरं करते आणि रामाला दाखवते, बघ तुझी बायको कुणाची आठवण काढते. तिकडे आंध्रातल्या बायकाही अशीच गोष्ट गातात. तिथं चित्र काढवून घेणारी शूर्पणखा असते, पण अंगठा तोच. एकमेकींची गावंही माहीत नसलेल्या बायका ही सारखीच गोष्ट गात राहिल्या, आणि घरात संशय कसा उभा राहतो हे त्या सगळ्यांना माहीत होतं.

मग रानातलं बाळंतपण. जवळ सुईण नाही, न्हाणी नाही, बाज नाही. या बायका सीतेसाठी रडतात आणि रामाला जाब विचारतात. आणि दळण संपलं की उठून त्याच रामाच्या देवळात जातात, रामनवमीला पाळणा हलवतात. यात त्यांना काही विसंगत वाटत नव्हतं. आम्ही सासूबाईंना विचारलं, रामावर राग येतो तर मग पाया का पडता? त्या म्हणाल्या, "मालकावर पण राग येतोच की. म्हणून काय कुंकू पुसलं का?" आम्ही हसलो. पण हे उत्तर आम्हाला पुरं पटलं नाही, हेही सांगून टाकतो. मालकाची भीती असते म्हणूनही बाई गप्प राहते. देवाबाबतही तसंच असेल का? त्यावर त्या काही बोलल्या नाहीत.

मुळशीकरांचा राम आणखी एका कामी आला होता. टाटांच्या धरणासाठी मावळातली गावं बुडणार हे कळल्यावर १६ एप्रिल १९२१ ला इथे सत्याग्रह सुरू झाला. तो दिवस रामनवमीचा होता. पुढे सेनापती बापटांचं नाव त्याला जोडलं गेलं, पण जमिनीवर जाऊन बसणारे मावळे होते आणि त्यांच्यात बायाही होत्या. ज्या देवाला पहाटे जाब विचारायचा त्याच्याच जन्मदिवशी सरकारलाही जाब विचारायला त्यांचे लोक निघाले.

जात्यानं सगळं चांगलंच शिकवलं असं मात्र आम्ही म्हणणार नाही. ओव्यांत लेकाचं कौतुक लेकीपेक्षा पुष्कळ जास्त. सासरी सोसावं, माहेराचं नाव राखावं, हे मांडीवरच्या मुलीच्या कानात रोज जात होतं. जातपातही होती. जिला पाणवठ्यावर घागर लावू देत नव्हते तिच्या जात्यावरही विठ्ठल होता, आणि त्या विठ्ठलाच्या देवळात तिला प्रवेश नव्हता. म्हणून १९५६ साली बाबासाहेबांनी नागपुरात धम्म स्वीकारला तेव्हा पुष्कळ घरांतले देव बदलले. जातं तेच राहिलं. त्याच संग्रहात भीमाच्या ओव्या आहेत, बुद्धाच्या आहेत. आमच्या गटातही दोघी बौद्ध आहेत. त्यातली एक म्हणाली, "माझी आजी आधी विठ्ठलाच्या ओव्या गायची, मग बाबासाहेबांच्या. चाल तीच."

पंढरपूरच्या देवळाचं निघालं की साने गुरुजी आठवतात. 'श्यामची आई' आपल्यापैकी बऱ्याचजणींनी वाचलंय, निदान सिनेमा तरी पाहिलाय. ते पुस्तक त्यांनी फेब्रुवारी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिलं. आई मुलाला चांगलं वागायला कसं शिकवते म्हटलं की सगळे त्याचंच नाव घेतात. पण याच माणसानं बायकांच्या ओव्या गोळा करून 'स्त्री जीवन' हे पुस्तक केलं, हे कमी लोकांना माहीत. आणि १ मे १९४७ ला तो पंढरपुरात उपोषणाला बसला, विठ्ठलाचं देऊळ अस्पृश्य म्हटल्या जाणाऱ्यांना खुलं व्हावं म्हणून. दहा दिवस अन्न घेतलं नाही. आईच्या पदराखाली देव शिकलेलं पोर मोठं होऊन देवाच्या दारातच अडून बसलं. आमच्यातली जी म्हणाली होती की प्रश्न विचारणारं मूल आईबापाचं ऐकत नाही, तिला आम्ही हे मुद्दाम सांगितलं. ती म्हणाली, "त्याच्या आईला विचारलं असतं तर तिनं जेवायला बसवलं असतं." तेही खरंच.

आणि आमची न मानणारी मैत्रीण? तिच्यासाठी जोतीराव फुले सापडले. पक्षाघातानं उजवी बाजू गेल्यावर डाव्या हातानं लिहून त्यांनी 'सार्वजनिक सत्यधर्म' पुरं केलं. ते छापून आलं १८९१ मध्ये, ते गेल्यानंतर. त्यात एका घराची कल्पना आहे. बाई बौद्ध ग्रंथ वाचून बौद्ध होईल, नवरा बायबल वाचून ख्रिस्ती, मुलगी कुराण वाचून मुसलमान आणि मुलगा सत्यधर्मी. चौघांनी एका घरात राहावं, एकमेकांचा द्वेष करू नये. सव्वाशेहून जास्त वर्षांपूर्वी पुण्यात बसून माणूस हे लिहितो! आमच्याकडे एका घरात दोन गुरूंचे फोटो कुठे लावायचे यावरून महिनाभर अबोला चाललेला आम्ही पाहिलाय. फुल्यांच्या त्या घरात सणाला स्वयंपाक कुणी करायचा, हे मात्र त्यांनी लिहिलेलं आम्हाला सापडलं नाही.

या सगळ्यात पाचवीतल्या पोरीचा प्रश्न राहिलाच होता. तिच्या आईनं पुढच्या बैठकीला तिला बरोबर आणलं. सासूबाईंनी तिला जवळ घेतलं, आणि अंगठ्याची गोष्ट सगळी सांगितली, मध्येमध्ये ओव्या म्हणत. आवाज आता चढत नाही, दम लागतो. पोरगी टक लावून ऐकत होती. संपल्यावर म्हणाली, "आजी, मग रामानं सीतेलाच का नाही विचारलं, चित्र कुणी काढलं म्हणून?"

तिची आई नेहमीप्रमाणे तिला गप्प करायला पुढे झाली, आणि थांबली. सासूबाई पोरीच्या डोक्यावरून हात फिरवत राहिल्या. म्हणाल्या, "हे माझ्या आईला मीबी इचारलं व्हतं."

"मग त्या काय म्हणाल्या?"

"म्हनली, वैरण घाल."