भांगेचं मलम, पट्टी आणि थोडा इतिहास

‘डॉक्टर, गुडघ्याला विजयाचं मलम लावू का?’ सोलापुरात हल्ली हा प्रश्न अनेक जण विचारतात.

विजया म्हणजे आयुर्वेदातली भांग. १८३९ साली कलकत्त्यात डॉ. विल्यम ओशॉनेसी यांनी तिचा अर्क संधिवाताच्या आणि धनुर्वाताच्या रुग्णांना दिला. धनुर्वाताचे झटके कमी झाल्याचं त्यांनी नोंदवलं आणि हे औषध विलायतेत पोहोचलं. नशा आणणारा घटक, टीएचसी, १९६४ मध्ये वेगळा काढला गेला. १९८५ च्या कायद्याने गांजा-चरसवर बंदी आली. नुसती पानं मात्र त्या व्याख्येतून वगळली. म्हणून पानांची आयुर्वेदिक औषधं परवान्याने बनतात.

पण लक्षात घ्या, ओशॉनेसींचा अनुभव पोटातून दिलेल्या औषधाचा होता. भांगेतले घटक तेलात विरघळणारे. ते त्वचेच्या वरच्या थरातच बरेचसे अडकतात. मलम सांध्यापर्यंत पुरेसं पोहोचतं, हे सिद्ध झालेलं नाही. पट्टी औषध रक्तात सोडण्यासाठी असते. तिचेही पुरावे तोकडेच आहेत.

वापरायचंच असेल तर परवाना क्रमांक पाहा, जखमेवर लावू नका, रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर आधी सांगा. सांधा लाल होऊन सुजला असेल किंवा मधुमेहामुळे पाय बधिर झाले असतील, तर मलमावर दिवस काढू नका. आधी तपासून घ्या.