शब्दवेध : इतिहास

इति-ह-आस, म्हणजे 'हे खरोखर असे होते'. तिसरीत इतिहास, भूगोल, नागरिकशास्त्र सारे 'परिसर अभ्यासा'त एकत्र नांदते. स्वतंत्र पुस्तके सहावीपासून. (ही एकत्र मांडणीच मला अधिक शहाणी वाटते.) अंबरनाथच्या मुलांना शिवमंदिर दाखवावे. तिथला शके 982चा, म्हणजे 1060 सालचा शिलालेख शिलाहार राजा माम्वाणीचे नाव सांगतो. हा 'आस'चा दगडी पुरावा. शेजारून वाहणारी वालधुनी पुढे उल्हासला मिळते, तो भूगोल. सिंधी निर्वासितांच्या कल्याण कॅम्पचे 1949मध्ये उल्हासनगर झाले. नागरिकशास्त्र तिथूनच शिकवावे. घोडे बदलण्याचे ठिकाण म्हणून बदलापूर, ही मात्र सांगोवांगी. गुरुजी, ती सांगताना 'असे म्हणतात' एवढे जोडाच.