पडद्यावरचा 'जन्मजात गुन्हेगार' : विमुक्त जमातींची प्रतिमा

शिक्का कुठून आला?
ब्रिटिश सरकारने १८७१ मध्ये गुन्हेगार जमाती कायदा केला. माणसाने काय केले हे न पाहता, तो कोणत्या जमातीत जन्मला यावरून त्याला गुन्हेगार ठरवणारा हा कायदा होता. पोलिसांकडे हजेरी आणि तारेच्या कुंपणातली सेटलमेंट ही त्याची साधने. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो देशभर रद्द झाला, म्हणून या जमाती 'विमुक्त'. महाराष्ट्राच्या विमुक्त जातींच्या यादीत कैकाडी, वडार, रामोशी, राजपारधी अशा १४ जाती आहेत. फासेपारधी अनुसूचित जमातींत मोडतात. पण शिक्का तोच.

पडद्यावर काय दिसते?
कायदा गेला, प्रतिमा राहिली. 'तीरन अधिगारम ओंड्रू' (२०१७) या तमिळ चित्रपटात बावरिया टोळी क्रूर दरोडेखोर म्हणून दाखवली आहे. 'गुन्हेगार परंपरा' या अर्थाच्या शब्दांवर आक्षेप आल्यावर निर्मात्यांनी माफी मागितली. 'दिल्ली क्राइम' मालिकेच्या दुसऱ्या भागात (२०२२) खून होताच संशय विमुक्तांच्या वस्तीवर जातो. मात्र ही मालिका त्या संशयालाच प्रश्न विचारते. आपल्याकडच्या बातम्यांत 'पारधी टोळी' हा शब्दप्रयोग सर्रास होतो. इतर आरोपींची जात मथळ्यात येत नाही.

प्रतिमेची किंमत
जून १९९८ मध्ये बारामतीत एका पारधी माणसाचा पोलीस कोठडीत मृत्यू झाला. दिलीप डिसूझा यांनी 'ब्रँडेड बाय लॉ' (२००१) या पुस्तकात हे प्रकरण मांडले. गावात चोरी झाली की पहिले बोट पालाकडे जाते. पडदा हेच बोट अधिक घट्ट करतो.

कॅमेरा बाजू बदलतो तेव्हा
इंदापूरला लागून असलेल्या करमाळा तालुक्यातील जेऊरचे नागराज मंजुळे यांनी 'फँड्री'त (२०१३) कैकाडी कुटुंबातला जब्या उभा केला. डुक्कर खांद्यावर घेऊन हे कुटुंब बाबासाहेब, फुले यांच्या चित्रांच्या भिंतीजवळून जाते आणि शेवटचा दगड थेट प्रेक्षकावर येतो. 'जय भीम' (२०२१) इरुळा समाजातील कोठडीमृत्यूची बाजू न्यायालयात मांडतो. बारामतीच्या प्रकरणावर असा चित्रपट आपल्या पाहण्यात नाही.

तक्रारीचा आधार
केबल टेलिव्हिजन नियम, १९९४ मधील नियम ६ नुसार धर्म वा समुदायांवर हल्ला करणारे कार्यक्रम दाखवता येत नाहीत. चित्रपट प्रमाणनाच्या १९९१ च्या मार्गदर्शक तत्त्वांतही समूहांचा अवमान करणाऱ्या दृश्यांना व शब्दांना मनाई आहे.

आपली जबाबदारी
वसलसुत्तात भगवान बुद्धांनी जन्मावरून नीच ठरवणे नाकारले. माणूस कर्माने ओळखावा, असे सांगितले. अस्पृश्यतेचा शिक्का सोसलेल्या समाजाने दुसऱ्याच्या कपाळावरचा शिक्का मुकाट्याने पाहू नये. मालिकेत पारधी चोर म्हणूनच आला, तर घरातल्या मुलांना विचारावे : हा माणूस काय करतो ते दाखवले, की फक्त त्याची जात दाखवली?