ऐंशीच्या दशकातले सहा विस्मृत चित्रपट आणि त्यांच्यातले दोन काळ

१/ ऐंशीचे दशक म्हटले की मराठी प्रेक्षकाच्या डोळ्यांसमोर 'धूमधडाका' (१९८५), 'गंमत जंमत' (१९८७) आणि 'अशी ही बनवाबनवी' (१९८८) उभे राहतात. त्यांचे संवाद आजही पाठ आहेत, त्यांच्यावरचे मीम रोज फिरतात. मात्र त्याच दशकात महाराष्ट्राविषयी अगदी निराळ्या प्रकारचे चित्रपटही तयार होत होते. त्यांतील काहींना राष्ट्रीय पुरस्कार मिळाले आणि पुढे ते विस्मरणात गेले. हा थ्रेड अशा सहा चित्रपटांविषयी आहे. 🧵

२/ यादीपूर्वी एक गोष्ट. बखर वाचताना अभ्यासक दोन प्रश्न विचारतो: ती कोणत्या काळाविषयी आहे आणि ती कोणत्या काळात लिहिली गेली? सभासदाची बखर राजाराम महाराजांच्या काळात जिंजीला लिहिली गेली; चिटणीसांची बखर त्यानंतर शतकाहून अधिक काळाने. चरित्रनायक एकच, पण दोन बखरी दोन निरनिराळ्या काळांच्या साक्षी आहेत.

३/ चित्रपटाचेही तसेच असते. पडद्यावर कथेचा काळ दिसतो आणि त्यामागे निर्मितीचा काळ उभा असतो. पुढील सहाही चित्रपट या दोन काळांचे भान ठेवून पाहिले, तर १९८०च्या दशकातील महाराष्ट्र कोणत्या प्रश्नांनी अस्वस्थ होता हे उलगडत जाते. सहापैकी तीन हिंदी आहेत, पण तिन्हींची मुळे याच मातीत आहेत.

४/ पहिला: 'आक्रीत' (१९८१). अमोल पालेकर यांचे दिग्दर्शक म्हणून पदार्पण, लेखन विजय तेंडुलकर यांचे. मध्यमवर्गीय, सालस नायक म्हणून हिंदी प्रेक्षकाने डोक्यावर घेतलेला हा अभिनेता येथे क्रूर, सत्तालोलुप ग्रामीण पुढाऱ्याच्या भूमिकेत दिसतो. त्याच्यासमोर चित्रा पालेकर आहेत. फ्रान्समधील नांत येथील महोत्सवात या चित्रपटाला परीक्षकांचा विशेष पुरस्कार मिळाला.

५/ कथेला आधार आहे परभणी जिल्ह्यातील मानवत येथील हत्यासत्राचा. नोव्हेंबर १९७२ ते जानेवारी १९७४ या काळात तेथे मुली आणि स्त्रियांच्या हत्या झाल्या. गुप्तधन आणि अपत्यप्राप्ती यांसाठी बळी देण्याची अंधश्रद्धा त्यामागे असल्याचे तपासात पुढे आले. वर्ष लक्षात घ्यावे: १९७२ म्हणजे महाराष्ट्राच्या स्मृतीत कायम राहिलेल्या दुष्काळाचे वर्ष. अलीकडे याच प्रकरणावर वेबमालिका आली. तिच्या प्रेक्षकांपैकी अनेकांना 'आक्रीत'चे नावही ठाऊक नव्हते.

६/ नरबळी आणि अघोरी प्रथांविरुद्धचा महाराष्ट्राचा कायदा विधिमंडळात मंजूर झाला डिसेंबर २०१३ मध्ये, डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्या हत्येनंतर. म्हणजे 'आक्रीत'नंतर तब्बल ३२ वर्षांनी. चित्रपट पाहताना एक सावधगिरी मात्र हवी. कथेतील स्त्री पारधी समाजातील आहे. १८७१च्या गुन्हेगार जमाती कायद्याने ज्या समाजांवर जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का मारला, त्यांत पारधीही होते. तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, शिक्का पुसला गेला नाही. चित्रपट या शिक्क्याला छेद देतो की त्यालाच बळ देतो, हा प्रश्न प्रेक्षकाने स्वतःला विचारावा.

७/ दुसरा: 'स्मृतिचित्रे', दशकाच्या प्रारंभी दूरचित्रवाणीसाठी विजया मेहता यांनी केलेला चित्रपट. लक्ष्मीबाई टिळक (१८६८–१९३६) यांच्या आत्मचरित्रावर तो आधारलेला आहे. लक्ष्मीबाईंच्या भूमिकेत सुहास जोशी, नारायण वामन टिळकांच्या भूमिकेत रवींद्र मंकणी. टिळकांनी १८९५ मध्ये ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि कर्मठ ब्राह्मण घरातील त्यांच्या पत्नीचे जग एका दिवसात दुभंगले. पाच वर्षांनी त्यांनीही तोच मार्ग धरला, पण स्वतःच्या विचाराने.

८/ धर्मांतराचा इतिहास बहुधा जाहीर सभा, पत्रके आणि मिशनच्या अहवालांतून लिहिला जातो. येथे तो स्वयंपाकघरातून दिसतो: कोणाच्या हातचे पाणी चालते, सोवळे कुठे संपते, पंक्तीत कोणाला जागा मिळते. शाळेची पायरी न चढलेल्या स्त्रीचे शब्द हेच त्याचे मूळ साधन आहे. स्त्रियांचे अनुभव हा इतिहासाचा पुरावा मानावा, हा आग्रह अभ्यासक्षेत्रात जोर धरत होता, नेमक्या त्याच काळात ही कलाकृती आली.

९/ तिसरा: 'रावसाहेब' (१९८६), हिंदी. दिग्दर्शन पुन्हा विजया मेहता यांचे. जयवंत दळवी यांच्या 'बॅरिस्टर' या नाटकावर तो आधारलेला आहे. विलायतेहून शिकून आलेला बॅरिस्टर (अनुपम खेर), त्याच्या वाड्यातील केशवपन झालेली मावशी (स्वतः विजया मेहता) आणि त्याच वाड्यात अकाली वैधव्य आलेली तरुण राधा (तन्वी आझमी). मावशीच्या भूमिकेसाठी विजया मेहता यांना सहायक अभिनेत्रीचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

१०/ विधवाविवाहाला कायद्याची मान्यता मिळाली १८५६ मध्ये. धोंडो केशव कर्वे यांनी १८९३ मध्ये विधवेशी विवाह केला, तेव्हा त्यांच्यावर गावाने बहिष्कार घातला. कायदा आणि समाज यांच्यामधले हे अंतर पाठ्यपुस्तकात एका ओळीत संपते. 'रावसाहेब'मध्ये ते एका माणसाच्या मनात उतरते. बॅरिस्टर रूढींवर टीका करतो, राधेच्या बाजूने उभा राहतो; परंतु निर्णायक पाऊल उचलण्याची वेळ येते तेव्हा त्याचे पाय अडखळतात. सुधारकांच्या चरित्रांत बोलके सुधारक क्वचितच भेटतात. वास्तवात संख्या त्यांचीच मोठी होती.

११/ चौथा: 'पुढचं पाऊल' (१९८६), दिग्दर्शक राजदत्त. विषय हुंडा आणि विवाहितेचा छळ. सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार त्याला मिळाला. सुधीर फडके यांनी संगीत दिलेले, आशा भोसले यांच्या आवाजातले त्यातील एक गाणे अजूनही भावगीतांच्या मैफलींत गायले जाते. ते कोणत्या चित्रपटातले, हे मात्र श्रोत्यांपैकी फार थोड्यांना सांगता येते.

१२/ या चित्रपटाला निर्मितीचा काळ घट्ट बिलगलेला आहे. हुंडाबंदीचा कायदा १९६१ पासून होता, पण तो कागदावरच राहिला. स्त्रीसंघटना रस्त्यावर उतरल्या आणि मग बदलांची रांग लागली: १९८३ मध्ये भारतीय दंड संहितेत कलम ४९८अ, १९८४ आणि १९८६ मध्ये हुंडाबंदी कायद्यात दुरुस्त्या, १९८६ मध्येच हुंडाबळीसाठी स्वतंत्र कलम ३०४ब.

१३/ ३०४ब का आवश्यक ठरले? घराच्या चार भिंतींआड झालेल्या मृत्यूला साक्षीदार नसतो. स्टोव्हचा भडका, पाय घसरून विहिरीत पडणे, अशी कारणे पंचनाम्यात नोंदली जात. नव्या तरतुदीने विवाहानंतर सात वर्षांच्या आत अनैसर्गिक मृत्यू झाला असेल आणि त्याआधी हुंड्यासाठी छळ झाल्याचे सिद्ध झाले, तर तो हुंडाबळी मानण्याचे गृहीतक न्यायालयाला दिले. 'पुढचं पाऊल' आज काहींना प्रचारकी वाटेल. परंतु ज्या वर्षी कायद्याची भाषा बदलत होती, त्याच वर्षी हा विषय कौटुंबिक चित्रपटाच्या रूपाने थेट त्या कुटुंबांसमोर गेला, हे त्याचे मोल.

१४/ पाचवा: 'आघात' (१९८५), हिंदी. दिग्दर्शक गोविंद निहलानी, लेखक पुन्हा विजय तेंडुलकर. मुख्य भूमिका ओम पुरी यांची. निहलानींचा 'अर्धसत्य' (१९८३) सर्वांना ठाऊक आहे, 'आघात' त्याच्या सावलीत हरवला. एका कारखान्यात अपघात होतो, कामगार जायबंदी होतो. त्याच्या नुकसानभरपाईवरून दोन कामगार संघटनांत चढाओढ सुरू होते, आणि या चढाओढीत तो कामगार मागे पडत जातो.

१५/ चित्रपट गिरणी संपाचे नाव घेत नाही. पण मुंबईत १८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले होते. मुद्दा केवळ पगार आणि बोनस यांचा नव्हता. १९४६च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्यानुसार मालकांशी वाटाघाटी करण्याचा अधिकार एकाच 'मान्यताप्राप्त' संघटनेला होता आणि कामगारांचा तिच्यावरचा विश्वास उडाला होता. आपल्या वतीने बोलणार कोण, हाच त्या संपाचा गाभा होता.

१६/ 'आघात' हा गाभा उघडा करतो. कायदेशीर मार्गाने जाणारी जुनी संघटना आणि आक्रमक नवी संघटना यांच्यामधला संघर्ष त्यात आहे, आणि तेंडुलकर कोणालाही पूर्ण निर्दोष ठरवत नाहीत. गिरणी संप औपचारिकरीत्या कधीच मागे घेतला गेला नाही. तो विरत गेला आणि त्याबरोबर गिरणगावही. परळ-लालबागच्या उंच इमारती पाहणाऱ्या पिढीला त्या जागेवर कोणता वाद लढला गेला हे समजून घ्यायचे असेल, तर हा चित्रपट पाहावा.

१७/ सहावा: 'बॉम्बे हमारा शहर' (१९८५), आनंद पटवर्धन यांचा हिंदी माहितीपट. जुलै १९८१ मध्ये, ऐन पावसाळ्यात, मुंबईतील पदपथांवरच्या झोपड्या हटवण्याचा निर्णय राज्य शासनाने जाहीर केला. त्याविरुद्ध पत्रकार ओल्गा टेलिस आणि पदपथावर राहणारे काही नागरिक न्यायालयात गेले. १० जुलै १९८५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने उपजीविकेचा अधिकार हा जगण्याच्या अधिकाराचाच भाग असल्याचे म्हटले. पण योग्य प्रक्रियेनंतर झोपड्या हटवण्याची मुभाही दिली.

१८/ न्यायालयाचा निकाल विधी महाविद्यालयांत आवर्जून शिकवला जातो. त्यात तत्त्व आहे. त्या तत्त्वामागची माणसे, त्यांचा संसार आणि पावसात उघडे पडलेले सामान माहितीपटात आहे. त्यातील एक प्रसंग विसरता येत नाही. एक संतप्त स्त्री थेट चित्रपटकर्त्यालाच जाब विचारते: गरिबांची चित्रे काढून तुमचे नाव होईल, आमचे काय होणार? पटवर्धन यांनी तो प्रसंग कापला नाही. साधन निर्माण करणाऱ्याचा हेतू तपासावा, हे इतिहासलेखनाचे सूत्र. येथे साधनच ते सूत्र स्वतःला लावते.

१९/ आता या सहांना एकत्र ठेवून पाहावे. नरबळी, धर्मांतर, वैधव्य, हुंडा, संप, निवारा. काहींची कथा एकोणिसाव्या आणि विसाव्या शतकाच्या संधिकालाची, काहींची अगदी त्या वेळच्या वर्तमानाची. निर्मितीचा काळ मात्र एकच. कायदा झाला, निकाल लागला, संघटना उभी राहिली; तरी माणसाच्या वाट्याला प्रत्यक्षात काय आले, ही त्या दशकाची अस्वस्थता सहाही चित्रपटांत आहे.

२०/ हे चित्रपट पाहण्याची घाई का करावी, याचे एक कारण भौतिक आहे. त्या काळची रंगीत फिल्म उष्ण आणि दमट हवेत टिकत नाही. रंग उडतात, फिल्मला आंबूस वास येऊ लागतो, ती आकसते, अखेरीस पडद्यावर दाखवता येत नाही. टेपवरील मुद्रणाचेही आयुष्य मर्यादित. पुण्यात १९६४ पासून राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे आणि जतनाचे काम तेथे चालते. परंतु कोणता चित्रपट आधी वाचवायचा, हे ठरवताना लोकांना काय पाहायचे आहे यालाही वजन असते. मागणी नसलेला चित्रपट रांगेत मागे राहतो.

२१/ सुरुवात कुठून करावी? 'बॉम्बे हमारा शहर' तुलनेने सहज मिळतो, तो आधी पाहावा. त्यानंतर 'आघात', म्हणजे मुंबईचे दशक पूर्ण होईल. मग 'स्मृतिचित्रे' आणि 'रावसाहेब' लागोपाठ पाहावेत: एका दिग्दर्शिकेने त्याच काळातील घराकडे दोन बाजूंनी कसे पाहिले ते कळेल. 'पुढचं पाऊल' त्यानंतर. 'आक्रीत' शेवटी आणि दिवसाउजेडी.

२२/ आणि हे सहा पाहून झाल्यावर 'अशी ही बनवाबनवी' पुन्हा लावावा. राहायला जागा मिळावी म्हणून चार तरुणांपैकी दोघांना साडी नेसावी लागते, हा त्याचा कथाबीज. पदपथावरच्या झोपडीपासून पुण्यातल्या भाड्याच्या खोलीपर्यंत, त्या दशकातील शहरी माणूस छप्पर शोधत होता. एका चित्रपटाने त्यावर जाब विचारला, दुसऱ्याने हसवले. साक्ष दोघांचीही आहे.